काकूंचा फॉरवर्ड आणि माझं कोकम सरबत

रविवारी सकाळी दूध घेऊन वर येत होतो तर लिफ्टपाशी समोरच्या काकू भेटल्या, भेटल्या म्हणजे काय वाटच बघत असणार, कारण मोबाईल आधीच उघडून हातात धरलेला. "अरे तू त्या सोन्याच्या कणांवरच काम करतोस ना? हे वाच. सोन्याने कॅन्सर बरा होतो, डॉक्टर लोक लपवून ठेवतात म्हणे." वाचलं. वर नॅनो टेक्नॉलॉजी वगैरे भारी शब्द आणि खाली सुवर्णभस्माची जाहिरात. एरवी हसून सोडून दिलं असतं, पण काकूंच्या दिरांचं रेडिएशन चालू आहे आणि आता उरलेले शेक कशाला घ्यायचे असं त्यांच्या घरात कोणीतरी बोलायला लागलंय, त्यामुळे दूध घरात ठेवलं आणि त्यांच्याकडे चहाला जाऊन बसलो.

मी नवी मुंबईत एका लॅबमध्ये पीएचडी करतो, रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल. घरी विचारलं तर सांगतात "सोन्याचं काहीतरी करतो", त्यामुळे नातेवाईकांमध्ये माझी पत सराफासारखी आहे. प्रत्यक्षात एका बॅचमध्ये सोनं असतं जेमतेम ५ मिलिग्रॅम. काकू म्हणाल्या, "एवढ्यात नथीचा फासासुद्धा होणार नाही."

पण होतं ते बघण्यासारखं असतं. आधी काचेचं भांडं आम्लराजाने धुवायचं (तेच, शाळेच्या पुस्तकातलं, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक), मग फिकट पिवळं क्लोरोऑरिक ॲसिडचं (म्हणजे विरघळवलेल्या सोन्याचं) पाणी उकळत ठेवायचं आणि त्यात सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) ओतायचं. पिवळा जातो, पाणी साफ दिसतं, मग एकदम शाई सांडल्यासारखं काळपट निळं, मग जांभळं, आणि काही मिनिटांत चक्क कोकम सरबत. सोनं पिवळं नाही, लाल! १८५७ साली फॅरेडेने सांगितलं होतं की हा रंग सोन्याच्या अतिशय बारीक कणांचा आहे. माझी पहिली बॅच इतकी सुंदर झाली होती की फोटो काढले, स्टेटसला टाकले, आणि मग ज्या कॅन्सरच्या पेशींवर ते वापरायचं त्यांना चालावं म्हणून त्यात सरळ बफर, म्हणजे खारट पाणी, ओतलं. दोन मिनिटांत सगळं निळं. मीठ लागलं की कण एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं बरं का. आणि रक्तही खारटच असतं, म्हणून कणांना वरून कोटिंग द्यावं लागतं, आमचा अर्धा वेळ त्यातच जातो.

"पण त्याने कॅन्सर मरतो का?" काकूंचा प्रश्न बरोबर होता. लॅबच्या डिशमध्ये वाढवलेला मरतो, डिशमध्ये काय वाटेल त्याने मरतो हो. आणि तिथेही फसायला होतं, आम्ही जिवंत पेशी मोजतो त्या टेस्टमध्ये जांभळा रंग मोजतात आणि आमचे कण स्वतःच रंगीत, त्यामुळे माझ्या एका प्लेटमध्ये मेलेल्या पेशी कागदावर ठणठणीत होत्या. कणांचा स्वतःचा रंग किती ते कळायला प्लेटमधल्या काही खड्ड्यांत पेशी न घालता नुसते कण ठेवायचे असतात, ते विसरलो होतो.

मग मी काकूंना खिडकीचा पडदा ओढायला लावला, त्यांच्याच मोबाईलचा टॉर्च चालू केला आणि बोटं त्यावर ठेवायला सांगितली. बोटं लालभडक दिसली. लाल प्रकाश मांसातून आरपार येतो, हिरवा प्रकाश मात्र रक्तच खाऊन टाकतं. पंचाईत अशी की आमचे गोल कणही नेमका हिरवाच खातात, ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा. म्हणजे शरीराच्या आत त्यांच्यापर्यंत प्रकाशच पोचायचा नाही. म्हणून अमेरिकेत राइस युनिव्हर्सिटीत नेओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या गोळीवर सोन्याचा पातळ थर चढवला, असे कण लालच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश शोषून तापतात. ते शिरेतून देऊन, मग प्रोस्टेटच्या (पुरुषांमधली मूत्राशयाखालची ग्रंथी) गाठीत लेझर घालून गाठ भाजायची. २०१९ मध्ये त्याचा पहिला रिपोर्ट आला, १६ पुरुष, त्यातल्या १५ जणांची पूर्ण ट्रीटमेंट झाली. कॅन्सर प्रोस्टेटपुरताच होता त्यांचा, पसरलेला नव्हता. चांगली बातमी आहे, पण सोळा माणसं म्हणजे आमच्या मजल्यावर आहेत तेवढी.

खरा घोळ पोचण्याचा आहे. शिरेतून दिलेले कण रक्ताबरोबर फिरतात आणि बरेचसे यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात, त्यांचं कामच ते, बाहेरचं काही आलं की उचल. २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या टीमने मागच्या दहा वर्षांचे पेपर काढून हिशोब केला की प्राण्यांना दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत किती जातात, आणि मधला आकडा निघाला ०.७ टक्के. शंभरातला एकसुद्धा नाही! आमच्या लॅबमध्ये हा आकडा कोणी मोठ्याने बोलत नाही, प्रोजेक्टचे पैसे मागताना तर नाहीच.

दिरांच्या उपयोगाची गोष्ट मात्र मी शेवटी सांगितली, खरं तर आधी सांगायला हवी होती. सोनं जड धातू आहे, एक्स-रे अडवतं आणि आजूबाजूला इलेक्ट्रॉन उडवतं, म्हणजे गाठीत सोनं असेल तर तोच शेक तिथे जास्त लागतो. २००४ मध्ये उंदरांवर हे करून दाखवलेलं आहे. हाफ्नियम नावाच्या दुसऱ्या धातूच्या ऑक्साइडचे कण तर सरळ गाठीत टोचून वरून रेडिएशन देतात, युरोपात २०१९ मध्ये एका प्रकारच्या सार्कोमासाठी (शरीराच्या मऊ भागांतला कॅन्सर) त्याला मान्यता मिळाली. "म्हणजे बघा काकू, धातू शेकाच्या ऐवजी नाही, शेकासोबत. शेकच दिला नाही तर ते कण आत नुसते बसून राहणार. आणि भस्म चाटणं वेगळं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात सुरू करायचं नाही."

काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे तूच येऊन सांग, माझं कोण ऐकतंय. मंगळवारी शेकासाठी खारघरला जायचंय त्यांना, सकाळी." मंगळवारी माझं पेशींचं काउंटिंग होतं, ते बुधवारवर ढकललं.

निघताना बघितलं तर टॉर्च अजून चालूच.