वाचता वाचता थांबणं

झटपट वाचायला शिकवणारे वर्ग असतात. वर्षाला अमुक इतकी पुस्तकं संपवायचीच, असा पण करणारी माणसंही असतात. त्यांना शुभेच्छा. मला विचाराल तर पुस्तकाचं निम्मं सुख थांबण्यात आहे. एखादं वाक्य असं येतं की पुढं सरकवतच नाही. मग बोट पानांत तसंच ठेवून पुस्तक अर्धवट मिटायचं आणि समोरच्या भिंतीकडं बघत बसायचं. नेमकं त्याच वेळी घरातलं कुणीतरी येऊन विचारतं, "रिकामीच बसलीयेस ना?" रिकामी! ऐन वाचनाच्या भरात असते मी तेव्हा.

सिनेमाही थांबवता येतो म्हणा. पण पॉझचं बटण दाबलं की नायिका अर्धवट डोळे मिटून, तोंड वाकडं करून पडद्यावर गोठते. तिच्याकडं बघवत नाही. पुस्तकात मान वर केली की गोष्ट थांबते आणि पुन्हा खाली घातली की ज्याचा पाय उंबरठ्यावर होता त्याचा तो तिथंच असतो. कुणाचा चेहरा बिघडत नाही, कुणी खोळंबल्याची तक्रार करत नाही.

गंमत म्हणजे, थांबणं हा डोळ्यांचाच स्वभाव आहे. आपल्याला वाटतं, नजर ओळीवरून सरळ घसरत जाते. तसं नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोळ्यांच्या अभ्यासकांच्या लक्षात आलं की वाचताना नजर उड्या मारते. एका ठिकाणी साधारण पाव सेकंद टेकते, मग पुढची उडी. वाचायचं ते या टेकण्यात. उडी चालू असताना नवं काही टिपलं जात नाही. आणि सराईत वाचकाच्याही दर शंभर उड्यांपैकी दहा-पंधरा चक्क मागं जातात. झटपट वाचायला शिकवणारे हे मागं जाणं मोडून काढायला सांगतात. कशाला मोडायचं? सगळी मजा तर तिथं आहे.

रहस्यकथा घ्या. शेवट कळल्यावर मी पुस्तक ठेवत नाही. मागं जाऊन खुनी पहिल्यांदा कुठं दिसला होता ते शोधते. बहुतेक वेळा तो पाचव्या-सहाव्या पानावरच दाराशी छत्री झटकत उभा असतो. लेखकानं त्याच्या छत्रीबद्दल दोन वाक्यं लिहून त्याच्याबद्दल एकच लिहिलेलं असतं, आणि आपण भाबडेपणानं छत्रीकडं बघत पुढं गेलेलो असतो. अशा वेळी लेखक समोर असता तर टाळी दिली असती. हा आनंद फक्त मागं वळणाऱ्याला मिळतो.

आपण कुठं थांबलो, कुठं दोनदा वाचलं, कुठं डोळे पुसले, हे शेजारच्याला कळत नाही, हेही एक बरं आहे. मनातल्या मनात वाचण्याची सोय आपण गृहीत धरतो. पण हातानं लिहिलेल्या जुन्या पोथ्यांत, लॅटिन काय किंवा संस्कृत काय, बरेचदा शब्दांमध्ये जागाच नसे; अक्षरांची सलग माळ. ती तोडत तोडत वाचायची तर ओठ हलवून मोठ्यानं वाचणं सोपं जात असणार. चौथ्या शतकातल्या मिलान शहराचे बिशप ॲम्ब्रोज मात्र मुकाट वाचत. त्यांची नजर पानांवरून फिरते, पण आवाज आणि जीभ दोन्ही गप्प, हे संत ऑगस्टीनला इतकं नवलाचं वाटलं की त्यानं ते आवर्जून लिहून ठेवलं. लोक आत येत, त्यांना वाचताना बघत, आणि व्यत्यय नको म्हणून न बोलता निघून जात. हे वाचल्यापासून मला ॲम्ब्रोज यांचा हेवा वाटतो. मुकाट वाचणं मलाही येतं. न बोलता निघून जाणारी माणसं मात्र कुठं मिळतात ते कळत नाही.

दुसऱ्याचं थांबणं बघायचं असेल तर वाचनालयाचं पुस्तक हवं. पुस्तकात रेघा मारणाऱ्यांवर माझा राग आहे, पण पेन्सिलीच्या रेघेला मी माफ करते. एका जाड कादंबरीत अख्ख्या पुस्तकभर एकच रेघ सापडली, तीही अगदी साध्या वाक्याखाली: कुणीतरी स्टेशनवर पोचतं आणि गाडी गेलेली असते, बस. त्या पानावर याहून कितीतरी देखणी वाक्यं होती. ज्या कुणी ही रेघ मारली त्याची कुठली गाडी चुकली होती, या विचारात माझं पुढचं प्रकरण लांबलं.

आवडत्या पुस्तकाच्या शेवटी शेवटी तर मी मुद्दाम रेंगाळते. उजव्या हातातली जाडी कमी होत चालल्याचं अंगठ्याला आधी कळतं. ई-बुकात हे काम खाली एक आकडा करतो; ९३ टक्के, ९४ टक्के. त्यात तापमान बघितल्यासारखं वाटतं. पण छापील पुस्तकही कधी कधी फसवतं. पानं सुटी छापत नाहीत. मोठ्या कागदावर बहुधा सोळा-सोळा पानांचे फर्मे छापून, घड्या घालून, कापून पुस्तक होतं. मजकूर फर्म्याच्या मधेच संपला तर उरलेली पानं कोरी जातात, नाहीतर प्रकाशक तिथं स्वतःच्या पुस्तकांची जाहिरात लावतो. त्यामुळं अंगठा सांगत असतो, अजून बरंच आहे, सावकाश घे. आणि पान उलटावं तर 'आमची इतर प्रकाशने'! असा संताप होतो. मग ती यादीही वाचून काढते, किमतींसकट, आणि दोन नावांपुढं पेन्सिलीनं खूण करून ठेवते. पुस्तक माझं स्वतःचं असेल तरच, अर्थात.