हेटेरोसायप्रिस इनकाँग्रुएन्स: उजवं शिंपलं सुटं करून पाहिलं

घरी डब्यात वाढवत असलेल्या हेटेरोसायप्रिस इनकाँग्रुएन्सच्या कल्चरचं अपडेट. हा ऑस्ट्राकॉड, म्हणजे दोन शिंपल्यांच्या आत राहणारा, खेकडा-कोळंबीच्या गटातला गोड्या पाण्यातला बारीक प्राणी. सुकलेल्या डबक्याच्या तळची माती भिजत टाकली होती, त्यातून पिल्लं निघाली आणि आता डब्यात सगळ्या साइजची गर्दी आहे, प्रौढ व्हायला आठदा कात टाकावी लागते त्यामुळे तळाला रिकाम्या शिंपल्यांचा खच पडलाय. प्रौढ साधारण 1.2 ते 1.7 मिमीचे, पिवळट तपकिरी.

आता नाव कशावरून लावायचं? नुसता बाहेरून फोटो काढून जात सांगणाऱ्यांवर माझा काही विश्वास नाही. खरी खूण आहे उजव्या शिंपल्याच्या पुढच्या कडेला, बारीक बारीक गाठींची ओळ, आणि डावं शिंपलं थोडं मोठं असून उजव्याच्या कडेवर चढतं म्हणून बंद असताना ती नीट दिसतच नाही. मग अल्कोहोलमधला नमुना ग्लिसरीनच्या थेंबात घेतला, पाठीकडच्या बिजागरीपाशी बारीक सुई घालून दोन्ही शिंपली हळूच सुटी केली, आणि उजव्यावर गाठी दिसल्या एकदाच्या! डाव्याची कड साफ. शिंपली कॅल्साइटची असतात, ॲसिडिक फॉर्मालिनमध्ये ठेवलीत तर विरघळून जातील, त्यामुळे ती कोरडीच ठेवा आणि मऊ अंग वेगळ्या स्लाइडवर.

पायांत सगळ्यात मजा तिसऱ्या जोडीची. ती चालायला नाहीच, पाठीकडे वर वळलेली असते, टोकाला चिमटा, आणि काम काय तर शिंपल्याच्या आतली साफसफाई. दुसऱ्या अँटेनावर, म्हणजे डोक्यावरच्या मिशांच्या दुसऱ्या जोडीवर, लांब केस आहेत, त्यांच्या जोरावर हे इतकं झकास पोहतात. मागची फर्का म्हणजे काठीसारखी जोडी, टोकाला दणकट नख्या.

नर मात्र एकही नाही. असता तर टेस्टिसच्या (वृषणाच्या) वळ्या शिंपल्यातून आरपार दिसल्या असत्या. तसं युरोपात उत्तरेकडे बहुतेक माद्याच असतात, नर भेटतात ते भूमध्य समुद्राच्या आसपास. नराशिवाय पिल्लं होतात म्हणजे एक अंडं नव्या डबक्यात पोचलं तरी पुरे, त्यात अंडी सुकूनही जिवंत राहतात, वाऱ्याबरोबर किंवा पक्ष्यांच्या पायाच्या चिखलातून कुठेही जातात. म्हणून ही जात जवळपास जगभर आहे, भातखाचरं असोत की पावसाची तात्पुरती डबकी. सुकी अंडी साठवता येतात म्हणूनच गाळाच्या विषारीपणाची 6 दिवसांची टेस्ट (आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 14371) हिच्यावर बसवलीय.

उत्तर इटलीत हिचे वेगवेगळे क्लोन, म्हणजे नराशिवाय वाढलेले, आतून एकसारखे असलेले वंश, सापडलेत, काही थंडीत जास्त तर काही उन्हाळ्यात. तेव्हा आता एकेक मादी वेगळ्या वाटीत टाकून तिची लाइन वाढवतोय, अर्ध्या वाट्या थंड जागेत, अर्ध्या उबदार. कुठल्या लाइन कुठे जास्त अंडी घालतात ते पुढच्या नोंदीत टाकतो.