मागे कठीण, पुढे मऊ: चौदा महिन्यांची टायर-नोंद

जून २०२४ मध्ये मी गाडीचे मूळ टायर उतरवून पहिला मऊ बटण टायरांचा जोड चढवला, तेव्हापासून प्रत्येक फेरीनंतर वहीत तीन गोष्टी लिहीत आलो आहे: हवेचा दाब, नॉबची, म्हणजे टायरवरच्या उठावदार रबरी बटणांची, उरलेली उंची आणि जमिनीचा प्रकार. गाडी हिरो एक्सपल्स २०० फोरव्ही ही मोटारसायकल आहे. टायर पुढे ९०/९०-२१, मागे १२०/८०-१८ (मिलिमीटरमध्ये रुंदी, रुंदीच्या टक्क्यांत उंची आणि रिमचे इंच), दोन्हीकडे ट्यूब. बहुतेक रविवारी पुण्याहून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे डांबरावरून जातो आणि तिथून पुढे बैलगाडीच्या जुन्या वाटा, मुरमाचे चढ, ओढ्याचे पात्र आणि उघडा काळा कातळ असा माझा ठरलेला मार्ग आहे. एका फेरीत डांबर जास्त आणि कच्ची वाट कमी असते, हे सुरुवातीलाच नोंदवतो, कारण ज्यांची गाडी पिकअपमध्ये टाकून थेट ट्रॅकवर नेली जाते त्यांना माझे आकडे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत.

मऊ टायर घेण्यामागे एक कारण होते. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली आणि तिथे भुसभुशीत मातीत रुतणारे, लगेच स्वच्छ होणारे ते हलके टायर पाहिल्यावर आपल्यालाही हेच हवे असे मनात बसले. तिथली माती खास पसरून, ओली करून, दाबून तयार केलेली असते आणि शर्यत काही मिनिटांत संपते, हा फरक मी त्या वेळी पुरेसा लक्षात घेतला नाही. दुकानात मात्र एक काळजी नक्की घेतली. निव्वळ मोटोक्रॉसच्या अनेक टायरांवर ते सार्वजनिक रस्त्यासाठी नसल्याचा शिक्का असतो, त्यामुळे ज्यावर भारांक आणि वेगाचे अक्षर छापलेले आहे असाच एन्ड्युरो (कच्च्या वाटांवरच्या लांब शर्यती) प्रकारातला जोड मी निवडला. एफआयएम या जागतिक मोटारसायकल क्रीडा संघटनेच्या एन्ड्युरो नियमांत मागच्या टायरच्या नॉबची उंची १३ मिलिमीटरपर्यंत मर्यादित आहे आणि माझा नवा टायरही कॅलिपरवर बरोबर १३ भरला. बाजूवरचा चार आकडी उत्पादन-शिक्का वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हेही इथेच सांगतो. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. मऊ रबर गोदामात पडून कडक होत जाते आणि मग मऊ टायरचे पैसे देऊन आपण कठीण टायर घरी आणतो.

वजने घरच्या लटकत्या काट्यावर, तीनदा मोजून घेतली. मूळ जोडीतला पुढचा टायर ४.२ किलो आणि मागचा ५.६ किलो भरला. मऊ जोडीत पुढचा ३.७ आणि मागचा ४.८ निघाला. साध्या ट्यूब पुढची ०.७ आणि मागची ०.९ किलोची. म्हणजे टायर आणि ट्यूब मिळून मूळ जोड ११.४ किलोंचा होता, तो १०.१ वर आला. सव्वा किलोचा फरक सुमारे १६० किलोंच्या गाडीत काय जाणवणार, असा प्रश्न कुणीही विचारील, आणि गाडी पळवण्यापुरता तो रास्तही आहे. चाकाच्या कडेला असलेले वजन गाडीबरोबर पुढेही जाते आणि फिरतेही, म्हणून वेग घेताना ते जवळजवळ दुप्पट मोजावे लागते, पण दुप्पट करूनही हा फरक अडीच किलोंच्या बॅगेएवढाच होतो. फरक जाणवतो तो सस्पेन्शनमध्ये. चाक हलके असेल तर दगडावरून उडाल्यावर ते लवकर जमिनीवर परत टेकते. पहिल्याच फेरीत लागोपाठच्या गोट्यांवरून जाताना हँडलला बसणारे हादरे कमी झाल्याचे मला स्पष्ट कळले, आणि उभे राहून चालवताना पुढचे चाक जिथे बघावे तिथे जाऊ लागले.

जून आणि जुलै हे दोन महिने फार आनंदात गेले. ओल्या मातीत मागचे चाक घसरता घसरता पकडत होते, आणि शेवाळलेल्या कातळावर, जिथे मूळ टायर सरळ सुटायचे, तिथे मऊ रबर चिकटून राहत होते. (या दिवसांत वाटेकडेला भात लावलेला असतो. खाचरांच्या बांधावर नॉबी टायर कधीही घालू नये. एका चाकोरीने बांध फुटतो आणि शेतकऱ्याचे साठवलेले पाणी जाते. वाट अरुंद असेल तर उतरून गाडी ढकलावी.)

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका ओढ्यातून बाहेर पडताना पुढचे चाक पाण्याखालच्या चौकोनी दगडाच्या धारेवर आदळले आणि वीसएक पावलांवर हँडल जड झाले. पुढे १४ पीएसआय हवा होती. गाडी ढकलत खाली आणली. पंक्चरवाल्या काकांनी ट्यूब पाण्यात न बुडवताच उजेडात ताणून धरली आणि मला दोन चिरा दाखवल्या. बोटाच्या पेरापेक्षा लहान, एकमेकींना समांतर, मध्ये दोन बोटांचे अंतर. ते म्हणाले, “दादा, खिळा नाही लागला. रिमनं चावलीय ट्यूब.” टायर दगड आणि रिम यांच्यामध्ये पूर्ण दबला होता आणि ट्यूब दोन्ही कडांवर कापली गेली होती. त्यानंतरच्या फेरीत मी पुढचा दाब १८ केला. ट्यूब वाचली, पण ज्या शेवाळलेल्या कातळावर जुलैत टायर धरत होता तिथेच तो आता घसरू लागला. टायर तोच, रबर तेच, बदलली होती फक्त हवा. माझ्या वहीतली ती पहिली कामाची नोंद आहे, असे आज मागे पाहताना म्हणतो.

मागच्या टायरची गोष्ट वेगळी. झीज मोजण्यासाठी मी टायरच्या बाजूवर पिवळ्या मार्करने तीन खुणा केल्या आहेत आणि प्रत्येक खुणेजवळचा मधल्या रांगेतला नॉब व्हर्निअर कॅलिपरच्या मागच्या पट्टीने मोजतो. ६०० किलोमीटरला १३ मिलिमीटरचे ९.५ झाले आणि ऑक्टोबरअखेर ११५० किलोमीटरला ६ उरले, तेही पुढच्या कडा गोल झालेले. डांबर मऊ नॉब खाते हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून या आकड्यांचे मला फार वाईट वाटले नाही. धक्का बसला तो पाऊस उघडल्यावर. ऑक्टोबरच्या उन्हात कातळ तापला आणि एका लांब चढानंतर टायर हाताने फिरवून पाहिला, तेव्हा सात नॉबच्या मुळाशी नखाएवढ्या भेगा होत्या. नॉब बोटाने मागे वाकवला की भेग उघडून आतले ताजे काळे रबर दिसत होते. पुढच्या दोन फेऱ्यांत त्यांतले दोन नॉब मुळासकट गेले, आणि तेव्हा त्यांची उंची ७ मिलिमीटरहून अधिक शिल्लक होती. झिजणे आणि फाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानदार टिकाऊपणा म्हणतो तेव्हा तो बहुधा झिजण्याविषयी, म्हणजे किती हजार किलोमीटर याविषयी बोलत असतो. सह्याद्रीच्या बेसाल्टवर टायर झिजून संपण्याआधी फाटून संपतो, कारण हा दगड फुटताना धारदार कडा सोडतो आणि मागच्या चाकाची सगळी ओढ त्या कडेवर अडकलेल्या एका नॉबच्या मुळावर येते.

पुढच्या टायरवर ही ओढ नसते. त्याच ११५० किलोमीटरला पुढचा मऊ टायर १३ वरून १०.५ वर होता आणि त्यावर एकही भेग नव्हती. तो धुऊन, सावलीत टांगून ठेवला.

डिसेंबरमध्ये दुसऱ्या टोकाला गेलो. रॅली प्रकारातला कठीण रबराचा जोड घेतला, ज्याच्या बाजूच्या भिंती इतक्या ताठ होत्या की चढवताना टायर चढवण्याचा तिसरा लिव्हर लागला आणि बीड, म्हणजे टायरची आतली कडक कड, रिमच्या खोलगट मध्यात गुडघ्याने दाबून धरावे लागले. पुढचा ४.८ किलो, मागचा ६.७ किलो. बरोबरीने जाड ट्यूबही घेतल्या, पुढची १.४ आणि मागची १.७. एकूण १४.६ किलो, म्हणजे मऊ जोडीपेक्षा साडेचार किलो जास्त. इथे आकाराविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. या प्रकारात मागच्यासाठी ११०/१००-१८ हा आकार सहज दाखवला जातो, पण त्याचा व्यास १२०/८०-१८ पेक्षा हिशेबाने २८ मिलिमीटर मोठा होतो. त्यामुळे गिअरिंग चार टक्क्यांहून थोडे लांबते, म्हणजे चाकाची ओढ तेवढी कमी होते, आणि ज्या २०० सीसीच्या इंजिनाला चढावर मुळातच दम कमी आहे त्याला ते सोसत नाही. शिवाय स्विंगआर्मजवळची (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांजवळची) मोकळी जागाही आधी मोजून पाहावी लागते. मी मूळ आकारच ठेवला.

या ताठ जोडीने मला जे शिकवले ते मी अपेक्षिले नव्हते. भिंती स्वतःच एवढा भार पेलत होत्या की पुढे १२ आणि मागे १३ पीएसआयवर चालवूनही डिसेंबर ते मे या काळात ट्यूब एकदाही चावली गेली नाही. कमी हवेमुळे टायर दगडाभोवती पसरत होता, आणि सुक्या कातळावरच्या चढावर हे कठीण रबर १८ पीएसआयवरच्या मऊ रबरापेक्षा चांगले धरत होते. म्हणजे मी जास्तीचे वजन घेतले आणि त्याच्या मोबदल्यात हवा कमी करण्याची मुभा मिळाली. मार्चमध्ये रत्नागिरीकडच्या सड्यावर दोन दिवस गेले. तिथला जांभा बेसाल्टसारखा कापत नाही, तो किसणीसारखा किसतो. परत आल्यावर मागच्या नॉबच्या माथ्यावर बारीक खवले दिसले, पण मुळाशी भेग एकही नव्हती. मेअखेर २००० किलोमीटरला मागचा टायर १२ वरून ८.५ वर आला होता.

एवढ्या कमी हवेवर मागे रिमलॉक, म्हणजे टायरची कड रिमला दाबून धरणारा तुकडा, लागतोच. तो नसताना गाडीने जोर घेतला की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढत नेतो आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटला जातो. व्हॉल्व्हची नटी रिमला घट्ट आवळू नये, ती वर टोपणाला टेकवून ठेवावी. मग टायर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो आणि उपटण्याआधी हवा सोडून तो सरळ करता येतो. नटी रिमला आवळलेली असली तर ही सूचना मिळतच नाही. चढवण्याआधी ट्यूबला आणि टायरच्या आत टाल्कम पावडर मारली तर ट्यूब आतल्या आत चिकटून ताणली जात नाही. हे काम दोन मिनिटांचे असूनही बहुतेक जण टाळतात.

ताठ जोडीचे दोष पुढच्या चाकात होते. ट्यूब धरून पुढे ६.२ किलो झाले आणि गाडी वळायला आळशी झाली. गोट्यांवर चाक उडाले की उशिरा खाली येत होते, आणि उतारावर लागोपाठच्या दगडांत हँडल हातातून निसटू पाहत होते. अवकाळी पावसानंतर एका ओल्या कातळावर पुढचे चाक कसलीही पूर्वसूचना न देता गेले. कोपर आणि हँडलवरचा लिव्हर एवढ्यावर निभावले, पण ओल्यात कठीण रबर पुढे नको, हे त्या दिवशी पक्के झाले.

सध्याची मांडणी जून २०२५ पासूनची आहे आणि तिच्यासाठी नवीन काहीही विकत घेतलेले नाही. पुढे टांगून ठेवलेला मऊ टायर, १०.५ मिलिमीटरवरून पुन्हा सुरू केलेला, आत जाड ट्यूब. मागे तोच ताठ कठीण टायर, आत साधी ट्यूब आणि रिमलॉक. पुढे ५.१ किलो, मागे ७.६ किलो, रिमलॉक धरून सगळे तेरा किलोंच्या जवळ. जाड ट्यूब पुढे ठेवण्याचे कारण ऑगस्टच्या त्या दोन चिरांत आहे. धारेवर आधी पुढचे चाक आदळते, तिथला टायर अरुंद आहे आणि मऊ टायरची भिंत लवचीक आहे, म्हणून जे संरक्षण भिंत देत नाही ते ट्यूबने द्यावे. मागच्या टायरची भिंतच पुरेशी ताठ असल्यामुळे तिथे जाड ट्यूब म्हणजे विनाकारण वाहिलेले आठशे ग्रॅम होते. पुढची जाड ट्यूब नैसर्गिक रबराची आहे. ती ब्युटाइल या कृत्रिम रबराच्या ट्यूबपेक्षा फाटायला चिवट असते पण हवा लवकर सोडते, त्यामुळे दर फेरीआधी गेज लावावाच लागतो.

दाब आता पुढे १४ आणि मागे १३ आहे. ४२० किलोमीटर झाले. ट्यूब अजून शाबूत आहे, पुढचा टायर ९.५ वर आहे आणि मागचा ७.८ वर. जुलैच्या अखेरीला त्याच ओढ्यातून, त्याच दगडावरून दोनदा गेलो. पुढे धप्प असा बोथट आवाज आला, पण हवा गेली नाही. शेवाळलेल्या कातळावर मागचे चाक मऊ टायरएवढे धरत नाही, हे मान्य करतो. मात्र मागचे चाक घसरले तर पाय टेकवून सावरता येते, पुढचे गेले तर तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून हा तोटा मी समजून घेतला आहे. ट्यूबऐवजी मूस, म्हणजे फोमचे भरीव कडे, घालावा असे काही मित्रांनी सुचवले होते. वेल्ह्यापर्यंतच्या डांबरावर सलग वेगात तो आतून तापून खराब होईल, म्हणून तो विचार सोडला.

मागचा टायर ५ मिलिमीटरवर आला की उतरवायचा आहे, आणि माझ्या मोजणीप्रमाणे ते पावसाळा संपल्यानंतर कधीतरी होईल. तोवर बॅगेत दोन ट्यूबऐवजी २१ इंची एकच साधी ट्यूब ठेवतो. अडचणीच्या वेळी ती मागच्या १८ इंची चाकात थोडी दुमडून बसवता येते आणि हळू चालवत घरापर्यंत आणते. त्यामुळे बॅगेतले नऊशे ग्रॅम कमी झाले, आणि त्या जागी आता तिसरा लिव्हर असतो.