महागडी गिटार घेताना हेडस्टॉकवरच्या नावाचे किती मोजावे : माझा अनुभव

चांगली ॲकूस्टिक गिटार घ्यायची, आणि ती अशी घ्यायची की पुन्हा बदलावी लागू नये, असे ठरवल्यावर माझ्यासमोर आवाजाच्या आधी हेडस्टॉकवरच्या (तारा आवळण्याच्या खुंट्या असतात त्या टोकावरच्या) कंपनीच्या नावाचा प्रश्न उभा राहिला. मी बाजूला काढलेल्या रकमेत एखाद्या प्रख्यात कंपनीची मधल्या पायरीवरची नवी गिटार येत होती, फारसे नाव नसलेल्या कंपनीची वरच्या पायरीवरची येत होती, आणि वापरलेल्या वाद्यांत शोध घेतला तर एखाद्या छोट्या कारखान्यात हाताने घडवलेलीही मिळू शकत होती. ज्यांना विचारले त्यांतले निम्मे म्हणत, “मोठे नाव घ्या आणि निश्चिंत व्हा”, तर उरलेले म्हणत, “नावाचे पैसे पाण्यात जातात.” दोन्ही मते ठाम होती; पण नावासाठी जास्तीचे जे पैसे मोजायचे ते नेमके कशाचे, हे त्यांतले कोणीच सांगत नव्हते. म्हणून खरेदीपूर्वीचा बराचसा काळ मी तेवढे एकच शोधण्यात घालवला.

पहिली गोष्ट लवकरच लक्षात आली, ती अशी की ‘नाव’ म्हणून आपण जे धरून चालतो ते एकसंध नसते. मार्टिन ही कंपनी १८३३ पासून एकाच घराण्याच्या मालकीची आहे, आणि आज बहुतेक सगळ्या पोलादी तारांच्या गिटारींच्या आत जी एक्सच्या आकाराची ब्रेसिंग (फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांची मांडणी) असते ती रूढ करण्याचे श्रेय बरेचसे तिच्याकडे जाते. पण त्याच नावाच्या खाली पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्यात घडलेली, संपूर्ण सॉलिड (थर न चिकटवलेल्या, एकसंध) लाकडाची गिटारही येते आणि मेक्सिकोतल्या कारखान्यात घडलेली, राळेत दाबून बनवलेल्या लॅमिनेटची गिटारही येते. टेलर ही १९७४ मध्ये सुरू झालेली कंपनी. तिच्याही वरच्या मालिका कॅलिफोर्नियात आणि खालच्या पायरीवरच्या मालिका मेक्सिकोत तयार होतात, आणि या खालच्या मालिकांत पाठ व बाजू थरांच्या लाकडाच्या असतात. यात फसवणूक काहीच नाही, कारण कंपन्या ही माहिती स्वतःच देतात. मात्र केवळ नाव पाहून पैसे मोजणारा माणूस या दोन्ही वाद्यांना एकच समजून बसतो.

काळाच्या अंगानेही तेच दिसते. लिओ फेंडर यांनी आपली फेंडर ही गिटार कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली आणि १९८५ मध्ये ती तिथल्याच अधिकाऱ्यांनी परत विकत घेतली. वादक आजही ‘सीबीएसच्या आधीची’ आणि ‘सीबीएसच्या काळातली’ असा भेद करतात आणि त्यानुसार किमती कितीतरी बदलतात. गिब्सनच्या बाबतीत १९६९ ते १९८६ हा नॉर्लिन या कंपनीच्या मालकीचा काळ असाच वेगळा मोजला जातो. याच गिब्सनने २०१८ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला होता, आणि तरीही तिच्या जुन्या वाद्यांची मागणी टिकून राहिली. याचा अर्थ असा की जाणकार वादक नाव मोजतच नाहीत; ते कारखाना, वर्ष आणि मॉडेल मोजतात. हे समजल्यावर मी दुकानात विचारायचे प्रश्न बदलले. ‘ही कोणत्या कंपनीची?’ याऐवजी ‘ही कुठे घडली, कोणत्या वर्षी, आणि पाठ व बाजू सॉलिड आहेत की थरांच्या?’ असे विचारू लागलो. विक्रेत्यांपैकी काहींना पहिल्या प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ असे, पण तिसऱ्यासाठी त्यांना माहितीपत्रक शोधावे लागे.

आता आवाजाकडे येतो. लाकडाच्या आणि नावाच्या आख्यायिका ऐकून कंटाळलो असताना एका अभ्यासाची माहिती मिळाली आणि माझी पुढची दिशा ठरली. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात एकाच कारागिराकडून सहा गिटारी घडवून घेतल्या होत्या. बाकी रचना शक्य तितकी सारखी ठेवून फक्त पाठीचे आणि बाजूंचे लाकूड बदलले होते, आणि त्यात दुर्मीळ ब्राझिली रोजवूडपासून तुलनेने स्वस्त लाकडांपर्यंत सगळे होते. बावन्न वादकांनी त्या डोळ्यांना काही दिसू नये अशा व्यवस्थेत वाजवल्या, आणि महागड्या लाकडाला स्वस्त लाकडापेक्षा ठळकपणे जास्त गुण मिळाले नाहीत. हा अभ्यास लाकडाचा होता, नावाचा नव्हता, हे मला ठाऊक आहे. तरी पाहणे आणि ऐकणे वेगळे केल्यावर मते किती बदलतात, हे त्यातून कळले आणि तसेच काहीतरी आपणही करावे असे वाटले.

माझ्या गिटारच्या सरांनी मदत करायचे कबूल केले आणि एका दुकानदाराने, तारांचे पैसे मी द्यायचे या अटीवर, परवानगी दिली. ही तारांची अट मीच पुढे केली होती, कारण दुकानात महिनोन्‌महिने टांगलेल्या गिटारीच्या गंजलेल्या तारा आणि काल चढवलेल्या तारा यांतला फरक हा दोन कंपन्यांतल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. निवडलेल्या सगळ्या गिटारींवर एकाच जाडीच्या, एकाच प्रकारच्या नव्या तारा चढवल्या. माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला, सरांनी प्रत्येक गिटार सुरात लावून माझ्या मांडीवर ठेवायची, आणि माझा हात नटच्या (हेडस्टॉकलगतच्या, तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या) पलीकडे जाऊ द्यायचा नाही, कारण हेडस्टॉकचा आकार बोटांना लगेच ओळखू येतो. तरीही एक अडचण उरलीच: काही गिटारींच्या नटची रुंदी सुमारे ४३ मिलिमीटर, तर काहींची साडेचव्वेचाळीस होती, आणि एवढासा फरकही हाताला कळतो. त्यामुळे दुसऱ्या फेरीत सर वाजवत होते आणि मी पाठ करून ऐकत होतो.

या सगळ्यातून निघाले ते मला तरी बरेच अनपेक्षित होते. डोळे उघडे असताना मी ज्या प्रख्यात गिटारीला मनात पहिला क्रमांक दिला होता, ती डोळे बांधल्यावर चांगली वाटली, पण पहिली वाटली नाही. एका कमी प्रसिद्ध कंपनीची गिटार दोन्ही फेऱ्यांत वर राहिली. सर्वांत बोलका निष्कर्ष मात्र वेगळाच होता. दुकानात त्या प्रख्यात मॉडेलच्या दोन गिटारी होत्या आणि आम्ही दोन्ही आळीपाळीने वापरल्या होत्या. त्या दोघींतला फरक मला त्यांच्यातल्या एकीच्या आणि दुसऱ्या कंपनीच्या गिटारीतल्या फरकाइतकाच जाणवला. सरांना यात नवल वाटले नाही. गिटारीच्या पुढच्या, तारांखालच्या फळीला टॉप म्हणतात; तिच्याबद्दल ते म्हणाले, “टॉपची फळी दोन वेगळ्या झाडांची असते रे, कारखान्यात जाडी सारखी ठेवतात, पण ताठपणा सारखा कसा ठेवणार?”

पुढे एका दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी याच मुद्द्याला दुसरी बाजू जोडली, आणि ती मला आजही सर्वांत महत्त्वाची वाटते. बारा गेजच्या (सर्वांत बारीक तार इंचाच्या बारा हजारांश जाडीची असलेल्या) संचातल्या सहा तारांचा एकूण ताण सत्तर किलोच्या वर असतो आणि तो वर्षानुवर्षे ब्रिजला (टॉपवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडाला) उचलत व नेकला (गिटारीच्या मानेला) पुढे ओढत राहतो. ज्या कंपनीला हजारो गिटारी जगभर पाठवायच्या आहेत आणि त्यांतली प्रत्येक वॉरंटीखाली परत येऊ शकते, ती टॉप आणि ब्रेसिंग थोडी जास्तच मजबूत ठेवणार, हे उघड आहे. छोटा कारागीर प्रत्येक फळी बोटांनी ठोकून, वाकवून पाहतो आणि तिच्या ताठपणानुसार तासतो. त्याला टॉप टिकण्याच्या अगदी कडेपर्यंत पातळ करता येतो, आणि हलका टॉप मोकळा वाजतो. म्हणजे मोठ्या नावाबरोबर मिळणारा भरवसा काही अंशी आवाजातूनच वसूल झालेला असतो. अर्थात प्रत्येक छोटा कारागीर कुशल असतो असे नव्हे. मी पाहिलेल्या एका सुंदर, अनामिक गिटारीत ब्रिजच्या मागे टॉप इतका फुगला होता की पट्टी ठेवताच डोलू लागली.

मग नावाचे पैसे कशाचे? माझ्या हिशेबाने तीन गोष्टींचे: वॉरंटी, पुनर्विक्री, आणि हे वाद्य कसे उघडायचे हे कोणत्याही कारागिराला ठाऊक असण्याची सोय. यांतली वॉरंटी मी नीट वाचली. बहुतेक मोठ्या कंपन्यांची ‘आयुष्यभराची’ वॉरंटी पहिल्या मालकापुरती असते. वाद्य विकले की ती संपते. तारांच्या ताणाने नेकचा कोन बदलला की नेक काढून पुन्हा बसवणे, ज्याला नेक रीसेट म्हणतात, हे महागडे काम आहे, आणि नव्या गिटारीच्या पहिल्या मालकाला वॉरंटीचा खरा उपयोग झाला तर अशाच कामात होतो. वापरलेली प्रख्यात गिटार घेणारा मात्र नावाची चढी किंमत देतो आणि हा आधार त्याला मिळत नाही. नवी घ्यायची असेल तर नावाच्या पैशांना काही अर्थ आहे, पण जुनी घेताना त्यातला मोठा भाग आधीच गळून गेलेला असतो, हे मला कोणत्याही सल्लागाराने सांगितले नव्हते. शिवाय नकला निघतात त्या प्रख्यात नावांच्याच. हेडस्टॉकवर गिब्सन किंवा मार्टिन लिहिलेली जुनी गिटार घेताना अनुक्रमांक, आतला शिक्का, ब्रेसिंग आणि ट्यूनिंग पेग हे सगळे त्या वर्षाशी जुळवून पाहावे लागते. अनामिक गिटारीची नक्कल कोण कशाला करील?

पुनर्विक्रीचा मुद्दा खरा आहे आणि त्याला मी कमी लेखत नाही. प्रख्यात गिटारीला गिऱ्हाईक लवकर मिळते आणि भावाचा अंदाज आधीच असतो. फारसे नाव नसलेली गिटार तितकीच चांगली असली तरी विकायला काढल्यावर तिची किंमत झपाट्याने पडते. पण हीच घसरण विकत घेणाऱ्याच्या बाजूने पाहिली तर ती सवलत ठरते, आणि मला तर विकायचे नव्हते, घ्यायचे होते.

त्यामुळे शोध वापरलेल्या आणि कमी प्रसिद्ध वाद्यांकडे वळला, आणि तिथे नाव नसल्यामुळे तपासणीचे सगळे ओझे माझ्यावर आले. प्रत्येक वेळी मी लांब सरळ पट्टी घेऊन जात असे. ती फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) ठेवून पुढे सरकवली की तिचे टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला टेकले पाहिजे; ते कडेच्या खाली आदळले तर नेक रीसेट जवळ आला असे समजावे. सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) किती उरले आहे तेही पाहायचे, कारण ॲक्शन (तारांची फ्रेटांपासूनची उंची) खाली आणण्यासाठी कोणीतरी ते आधीच घासून संपवलेले असू शकते. टॉपवर बोटाने हलके ठोकत फिरायचे. कुठे खडखडला तर आतली ब्रेस सुटली आहे. रोजवूडच्या गिटारींबाबत कोणत्या जातीचे रोजवूड हेही विचारले, कारण ब्राझिली रोजवूडवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे सर्वांत कडक निर्बंध आहेत आणि असे वाद्य कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाही. इतर रोजवूडच्या तयार वाद्यांना २०१७ मध्ये लागलेली परवान्याची अट २०१९ च्या अखेरीस उठली, तेव्हा तिथे चिंता नाही.

शेवटी निवडली ती एका छोट्या कार्यशाळेत घडलेली, स्प्रूसचा टॉप आणि महोगनीची पाठ असलेली गिटार. ती कार्यशाळा आता बंद आहे, तेव्हा वॉरंटी नाही आणि उद्या विचारायलाही कोणी नाही. पैसे देण्याआधी मी ती त्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांकडे नेली. त्यांनी साउंडहोलमधून आरसा आणि दिवा आत घातला, ब्रेसच्या कडांवरचे सरसाचे काम पाहिले, आणि नेक चिकटवलेली नसून बोल्टांनी जोडलेली आहे हे दाखवले. “ही कोणीही उघडू शकेल,” असे ते म्हणाले, आणि मोठ्या नावाचा तिसरा फायदा मला नावाशिवायच मिळाला. डोळे बांधून ऐकण्याची परीक्षा हिचीही झाली. सरांनी ती आणि दुकानातली ती प्रख्यात गिटार आलटून पालटून वाजवली, आणि मी बहुतेक वेळा हिच्याकडेच बोट दाखवले.

वाचलेल्या रकमेतला थोडासा भाग सेटअपवर खर्च केला. हाडाचे नवे सॅडल बसवले, ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या सळईने) नेकचा बाक सुधारला, बाराव्या फ्रेटवर जाड तारेची ॲक्शन अडीच मिलिमीटरच्या जरा खाली आणली आणि झिजलेल्या पहिल्या तीन फ्रेट समतल करून घेतल्या. एवढ्या कामानंतर तीच गिटार हाताला कितीतरी सोपी झाली, आणि हे काम नव्या प्रख्यात गिटारीवरही बहुधा करावेच लागले असते, कारण कारखान्यातून ॲक्शन सुरक्षितपणे उंच ठेवूनच वाद्य निघते. केसमध्ये आर्द्रता मोजण्याचे छोटे यंत्र ठेवले असून ती ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील एवढे पाहतो.

दर काही वर्षांनी वाद्य बदलण्याची सवय असलेल्या एका मित्राने माझ्यामागोमाग तशीच गिटार शोधायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याला परावृत्त केले आणि त्या दुकानातल्या दोन प्रख्यात गिटारींपैकी जिचा आवाज मला अधिक मोकळा वाटला होता ती नवी घ्यायला सांगितले. त्याने दोन्ही वाजवून पाहिल्या आणि दुसरी घेतली.