आमची वाटचाल : बोर्ड न बदलणारे दुकान

मालवणातील आमचे दुकान फ्रीज आणि एसीच्या दुरुस्तीवर उभे राहिले, परंतु नाव झाले ते डिह्युमिडिफायरमुळे, म्हणजे हवेतली ओल कमी करणाऱ्या यंत्रामुळे. सुरळीत गेलेल्या वर्षांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सांगायचे आहे ते दुकानाला टाळे लागायची वेळ आली त्या पावसाळ्याविषयी.

नव्याने आलेल्या एका व्यावसायिकाने घरोघरी सांगायला सुरुवात केली, की आमच्याकडे दुरुस्त झालेल्या यंत्रांचे बोर्ड, म्हणजे आतली इलेक्ट्रॉनिक सर्किटे, टिकत नाहीत. भिंतींना पाणी सुटलेले असताना यंत्र 45 टक्के आर्द्रता दाखवून कॉम्प्रेसर बंद करीत असे, हे खरे. पण दोष बोर्डाचा नव्हता. तो व्यावसायिक सरसकट बोर्ड बदले, त्यासोबत ओल मोजणारा नवा सेन्सर आणि त्याची वायर बोर्डाला जोडणारा नवा कनेक्टर आपसूक येई, यंत्र चालू होई आणि खोटे निदान खरे ठरे. आमची वार्षिक कंत्राटे एकेक करून गेली, ती सल अजून आहे.

तेव्हा पाठीशी उभे राहिले ते किनाऱ्यालगतच्या गणपतीच्या शाळेचे, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्याचे, काका. श्रावणात मूर्तींवरचा रंग सुकेना, म्हणून त्यांनी घरातले यंत्र शाळेत लावले होते. ऐन हंगामात ते आमच्या टेबलावर ठेवून काका एवढेच म्हणाले, "बोर्ड बदलू नको, बिघाड खंय आसा तो शोध."

आम्ही बाटलीच्या बुचात साधे मीठ घेतले, ते विरघळणार नाही, केवळ चिकट ओले होईल इतकेच पाणी घातले आणि हवाबंद डब्यात त्याच्या शेजारी, मिठाला न टेकवता, सेन्सर ठेवला. कनेक्टर टाळून वायर थेट बोर्डाला सोल्डर केली. अशा डब्यात 25 अंशाला आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. सकाळी पडद्यावर तोच आकडा होता. म्हणजे सेन्सर निर्दोष, बोर्डही निर्दोष. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. ओल वाढली की या सेन्सरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, घटतो. गंजाने तो वाढवला, आणि बोर्डाला हवा कोरडी वाटली. उलट बोर्डावरच क्षाराचा थर बसून गळती झाली, तर यंत्राला सदैव ओलच दिसते आणि कॉम्प्रेसर थांबत नाही.

या धंद्यात येणाऱ्यांनी एवढे पाळावे : रोधावर चालणारा सेन्सर मल्टिमीटरच्या ओहमवर मोजू नये, कारण एकदिश प्रवाहाने त्याचा थर बिघडतो, त्यासाठी उलटसुलट वाहणाऱ्या (एसी) प्रवाहाने मोजणारा एलसीआर मीटर घ्यावा. सेन्सरला थिनर लावू नये. कॉम्प्रेसर थांबल्यावर कॉइलवरचे पाणी पुन्हा हवेत जाते, म्हणून काही मिनिटे पंखा चालवल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये.

त्या हंगामात शाळेत आलेल्या प्रत्येकाला काकांनी तो हिरवा कनेक्टर दाखवला आणि त्यांच्या शब्दावर बरीच कंत्राटे परत आली. विनाकारण बदललेल्या बोर्डांचे पैसे मात्र त्या ग्राहकांना कोणीही परत केले नाहीत.