वाजत राहिलेला टाळ

आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर निघालो, तेव्हा मी एका कारखान्यात विभागप्रमुख होतो आणि माझ्या हाताखाली चाळीस माणसे होती. निघण्याच्या महिनाभर आधी चौदा वर्षे बरोबर काम केलेले एक ज्येष्ठ सहकारी नोकरी सोडून गेले. कारण विचारले, तर "साहेब, आता सांगून काय उपयोग?" एवढेच म्हणाले. ते वाक्य मनात घेऊनच मी चालू लागलो.

पुणे ते सासवड हा वारीतला सर्वांत लांब टप्पा. दिवे घाटाच्या चढावर रथाला जादा बैलजोड्या जुंपतात आणि भिजलेल्या रस्त्यावरून पताकांची रांग वर सरकत राहते. माझे पाय तेव्हा ताजे होते, म्हणून मी रांग सोडून पुढे निघालो. दिंडीत पताकावाले पुढे, मग टाळकरी, त्यांच्यात मृदंगी आणि त्यांच्यामागे वीणेकरी अशी रचना असते. त्यामागून तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका येतात. आमचे वीणेकरी साताऱ्याकडचे वयस्कर शेतकरी होते. त्यांनी मला हाक मारली, "माउली, रांग मोडू नका. मागं आज्या हायेत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी मागे वळून पाहिले, तेव्हा लक्षात आले की संपूर्ण दिंडीची चाल त्या आज्यांच्या पावलांवर ठरत होती आणि वीणेकरी मागे राहूनच ती सांभाळत होते. सासवडला पोहोचल्यावर मी त्यांच्या पाया पडलो, तर वीणा सावरत तेही वाकून माझ्या पाया पडले. कारखान्यात कितीतरी माणसांनी मला वाकून नमस्कार केला असेल. त्यांच्यापैकी एकाहीपुढे मी कधी वाकलो नव्हतो.

पण ज्या प्रसंगाने मला खऱ्या अर्थाने थांबवले, तो जेजुरीच्या मुक्कामातील समाजआरतीचा होता. पालखी तळावर येते, दिंड्या गोल करून उभ्या राहतात आणि शेकडो टाळांचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतात आणि क्षणात सगळा तळ शांत होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ थांबवत नाही. चोपदार स्वतः चालत तिच्यापर्यंत जातात, म्हणणे ऐकून घेतात आणि मगच हरवले-सापडलेल्या वस्तूंची यादी, उद्याच्या निघण्याची वेळ आणि आरती होते. त्या संध्याकाळी डाव्या कोपऱ्यात एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. हजारो दमलेली, भुकेली माणसे उभी होती, तरी "बंद करा" असे कोणीही म्हटले नाही.

सोहळ्याची ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, त्यामुळे हुकूम आणि फौज त्यांना ठाऊक असणारच. अशा माणसाच्या व्यवस्थेत सर्वांना शांत करणाऱ्या चोपाइतकेच तक्रारीच्या टाळालाही स्थान असावे, याचे मला आजही अपार कौतुक वाटते. माझ्या बैठकांमध्ये संपूर्ण शांतता असे आणि ती मी संमती समजत आलो होतो. प्रत्यक्षात टाळ वाजवून उपयोग नाही, हे माझ्या माणसांना फार पूर्वी कळले होते. हे उमगल्यावर त्या रात्री राहुटीत मला झोप आली नाही. सहकाऱ्याचे ते एक वाक्य मी महिनाभर अपमान म्हणून उगाळत होतो, पण चौदा वर्षांत मी स्वतः त्यांच्यापर्यंत चालत किती वेळा गेलो, हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

नीरा नदीत माउलींच्या पादुकांचे स्नान झाले आणि लोणंदच्या मुक्कामातून मी त्यांना फोन केला. "तुमचे काय म्हणणे होते, ते मला आता ऐकायचे आहे," एवढेच बोललो. सुरुवातीला ते टाळत होते, मग सावकाश बोलू लागले. शिकाऊ मुलांना यंत्राची पुरेशी ओळख न देता रात्रपाळीवर उभे केले जात होते. एकाच्या बोटांवर बेतता बेतता राहिले होते. त्यांनी हे दोन बैठकांत मांडले होते आणि दोन्ही वेळा मी पुढच्या विषयाकडे वळलो होतो. त्या बैठका मला आठवत होत्या, त्यांचे बोलणे मात्र आठवत नव्हते. मी क्षमा मागितली, त्या मुलांची नावे विचारली आणि राहुटीतल्या कंदिलाच्या उजेडात एकेक करून वहीत लिहून घेतली.