आमची वाटचाल : बॅटरीच्या पाण्यापासून धाब्यावरच्या विजेपर्यंत

वडोदऱ्यात आज जवळजवळ प्रत्येक चौकात सोलरची पाटी दिसते आणि त्यातल्या निम्म्या पाट्यांवर 'शहरातील सर्वांत जुनी पेढी' असे शब्द असतात. आम्हीही धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, सोलर बसवतो, पण दांडिया बाजारातल्या आमच्या पाटीवर तसे काही लिहिलेले नाही. ज्यांना ठाऊक असायला हवे, त्यांना ते ठाऊक आहे. तरीही मधल्या काळात आमच्याविषयी बाजारात 'दुकान बसले' असे जे बोलले गेले, त्याची आमच्या बाजूने एकदा नोंद व्हावी, म्हणून हे लिहायला घेतले आहे.

आमचा मूळ धंदा इन्व्हर्टर आणि बॅटरीचा. पादरा, डभोई, वाघोडिया या बाजूच्या गावांत संध्याकाळी वीज गेली की ती केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नसे आणि त्या अनिश्चिततेवर आमचे घर चालत होते. २००३ नंतर ज्योतिग्राम योजनेत शेतीपंपांचे फीडर, म्हणजे वीजवाहिन्या, वेगळे काढले गेले आणि गावातल्या घरांना चोवीस तास वीज मिळू लागली. गावांसाठी ही उत्तमच गोष्ट होती. आमच्या दुकानातल्या बॅटऱ्या मात्र डिस्टिल्ड वॉटर पीत पडून राहिल्या. गुजरातबाहेरचे सल्लागार इथे येऊन 'वीज जाते तेव्हा सोलर कामी येते' असे सांगू लागतात, तेव्हा मला हसू येते. इथला प्रश्न वीज आहे की नाही हा उरलेलाच नाही. ती किती रुपयांना पडते, एवढाच प्रश्न आहे आणि आमच्या पेढीचा दुसरा जन्म त्याच प्रश्नातून झाला.

माझे भागीदार प्रतापनगरला मोटर रिवाइंडिंगचे काम करीत. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणतो. दादांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळचा, बॅकेलाइटच्या पेटीतला, हाताने फिरवायचा मेगर आहे, केबलचे आवरण शाबूत आहे का हे तपासायचे यंत्र. आज बॅटरीवर चालणारे डिजिटल मेगर मिळतात, आमच्याकडेही आहेत, पण नव्या मुलाला दादा पहिल्यांदा हाच हातात देतात. दांडा एकसारख्या गतीने फिरवायचा, घाई केली की काटा नाचतो. आणि काटा अनंताच्या खुणेकडे न जाता मध्येच रेंगाळला, तर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या केबलला कुठेतरी ओल लागली आहे किंवा पाइपच्या कडेने तिचे आवरण कापले गेले आहे, असे समजायचे. आकडा दाखवणारे यंत्र फक्त आकडा सांगते, हा दोष हाताला कळतो, असे दादांचे म्हणणे आहे. क्रिंपिंगच्या, म्हणजे केबलच्या टोकाला पिन दाबून बसवण्याच्या, हत्याराबाबतही ते तसेच कडक आहेत. कनेक्टरची पिन पकडीने दाबून बसवणारा कारागीर आमच्याकडे टिकत नाही. रॅचेटचे हत्यार पूर्ण दाब बसल्याशिवाय सुटत नाही, आणि पिन सैल राहिली तर तिथेच उष्णता साठून दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात कनेक्टर वितळतो.

नेट मीटरिंगचे, म्हणजे जादा सौर वीज लाइनमध्ये देऊन ती बिलातून वळती करण्याचे, नियम राज्यात २०१६ मध्ये आले आणि आमचा पहिला मोठा ग्राहक मिळाला तो नवापुऱ्यातल्या पिठाच्या गिरणीचा. गिरणीवाले भाई बिल वाचणारे गृहस्थ आहेत, आणि असा ग्राहक भाग्याने मिळतो. मूळ दराची ओळ वर्षानुवर्षे फारशी हलत नाही. खालची इंधन अधिभाराची, म्हणजे एफपीपीपीएची ओळ आयात कोळशाच्या भावाबरोबर वर जाते, हे त्यांनीच मला बिलावर बोट ठेवून दाखवले होते. (२०२३ मध्ये हाच अधिभार युनिटमागे ३ रुपयांच्या वर गेला, तेव्हा त्यांनी फोन करून 'मी काय म्हणत होतो?' एवढेच विचारले.) गिरणी दिवसा चालते, ऊनही दिवसाच असते, त्यामुळे धाब्यावर तयार झालेली वीज बहुतेक तिथल्या तिथेच जात्यात खर्च होते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मंजूर भाराच्या निम्म्याच क्षमतेचा प्लँट बसवता येत असे. तो बसवला, आणि पहिल्या वर्षाची बिले त्यांनी फाइल करून आमच्या टेबलावर आणून ठेवली. ती फाइल आम्ही आजही नव्या ग्राहकाला दाखवतो.

त्यानंतर काही वर्षे बरी गेली. त्याच सुमारास दादा आणि मी खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावाला जाऊन आलो. तिथे २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली होती आणि पंपाला नको असलेली वीज ते वितरण कंपनीला युनिटमागे ४.६३ रुपयांनी विकत होते. उरलेल्या विजेला भाव मिळतो म्हटल्यावर शेतकरी विनाकारण पाणी उपसत नाही. गावातली वीज गावातच बनवणे म्हणजे नेमके काय, हे आम्हाला तिथे समजले, आणि त्या दराची आठवण मला पुढे वारंवार झाली. कारण २०१९ च्या सूर्य गुजरात योजनेत घरगुती ग्राहकाच्या जादा युनिटला मिळत होते २.२५ रुपये.

सूर्य गुजरातमध्ये ३ किलोवॉटपर्यंत ४० टक्के आणि त्यापुढे १० किलोवॉटपर्यंत २० टक्के अनुदान होते. ग्राहकाने आपला हिस्सा भरायचा, पेढीने प्लँट बसवायचा आणि अनुदानाची रक्कम पेढीने मागाहून मिळवायची, अशी पद्धत होती. किलोवॉटचा दर निविदेने ठरलेला. वरवर पाहता ही समानतेची व्यवस्था वाटते. पण दर सर्वांना एकच असला की स्पर्धा दरावर होत नाही, ती लोखंडावर, म्हणजे पॅनेलखालच्या सांगाड्यावर (स्ट्रक्चरवर), होते, आणि हे ज्याने सर्वांत आधी ओळखले तो आमचा प्रतिस्पर्धी. त्यांचे नाव मी येथे घेणार नाही. एसीच्या विक्रीतून या धंद्यात उतरलेली ती पेढी, प्रत्येक बुकिंगवर मिक्सर भेट देत असे.

वडोदऱ्यात स्ट्रक्चरचा प्रश्न उत्तरायणामुळे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांमुळे, अवघड होतो, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. १४ जानेवारीला ज्या घराच्या धाब्यावर माणसे उभी राहू शकत नाहीत, त्या घरात सोलरला परवानगी मिळत नाही. आजोबा आणि नातू या एका मुद्द्यावर एकत्र असतात. म्हणून इथे पॅनेल उंच लावावे लागतात, खालून माणूस ताठ चालत गेला पाहिजे. पॅनेल जितके उंच, तितका वारा त्यांना खालून उचलतो, आणि भारतीय मानकांनुसार वडोदऱ्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरायचा असतो. आम्ही दोन मिलिमीटर जाडीचा पाइप, ८० मायक्रॉनचे हॉट डिप गॅल्वनायझिंग, म्हणजे जस्ताचा मुलामा, आणि स्लॅबमध्ये केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने घट्ट बसवलेले बोल्ट, वापरत होतो. समोरच्यांकडे पाइप सव्वा मिलिमीटरचा, वेल्डिंगच्या जागी चंदेरी रंगाचा फवारा, आणि पायाशी सिमेंटचे ठोकळे नुसते ठेवलेले. तीन खड्ड्यांच्या अर्थिंगचे काम एका खड्ड्यात, वीजरोधकाची पट्टीसुद्धा त्यातच. फोटोत दोन्ही सारखेच दिसते.

२०२१ च्या सुरुवातीला आमच्याकडे भरपूर बुकिंग होते आणि सगळे ठरलेल्या दरात. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. औद्योगिक ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला गेला, ते योग्यच होते, पण मकरपुऱ्यातल्या आमच्या फॅब्रिकेटरकडची गॅस कटिंग बंद पडली. मे महिन्यात तौक्ते वादळाच्या वाऱ्याने शहरातली काही स्ट्रक्चर वाकली. आमचे एकही त्यात नव्हते आणि ती कोणाची होती हे सांगण्याची गरज नाही. त्याच वर्षी पॅनेलच्या सेलचा कच्चा माल असलेल्या पॉलिसिलिकॉनचा भाव तिपटीहून अधिक वाढला. अनुदानाच्या प्लँटला भारतीय सेलचेच पॅनेल लावायचे बंधन होते, ते बाजारात मिळेनात. ज्या घाऊक व्यापाऱ्याला आम्ही आगाऊ रक्कम दिली होती, त्याने वॉटमागे फरक मागितला आणि तो दिल्याशिवाय माल सोडणार नाही म्हणून कळवले. लोखंड महाग, तांबे महाग. १ ऑक्टोबरला सोलर साहित्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांचा १२ झाला; ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा या हिशेबाने पूर्ण कामावरचा कर ८.९ वरून १३.८ टक्क्यांवर गेला. ग्राहकाकडून एक रुपया वाढवून घेता येत नव्हता. पूर्ण केलेल्या कामांचे अनुदान वाटेत होते आणि बँकेचे कॅश क्रेडिट काठोकाठ भरले होते.

या अवस्थेत समोरच्या पेढीची माणसे आमच्या ग्राहकांच्या घरी जाऊन 'ते दुकान बसले, पैसे परत मागा' असे सांगत फिरली. मांडवीपासून मांजलपूरपर्यंत ही बातमी आमच्या आधी पोहोचत असे. काही ग्राहकांनी पैसे मागितले आणि आम्ही ते दिले. तेव्हा दादांना मी एकदाच विचारले की, आपणही पाइप पातळ करायचा का. त्यांनी उत्तर दिले नाही, मेगर उचलला आणि साइटवर निघून गेले. आम्ही मालवाहू छोटा हत्ती विकला, छोटा उदेपूरकडच्या मुलांचे पगार मात्र थांबवले नाहीत.

मार्ग निघाला तो गिरणीवाल्या भाईंमुळे. राज्याच्या नव्या सौर धोरणाने मंजूर भाराच्या निम्म्या क्षमतेची मर्यादा काढली होती आणि त्यांना प्लँट वाढवायचा होता. गिरणीच्या प्लँटला अनुदान नाही, म्हणून भारतीय सेलचे बंधनही नाही. त्यांनी पूर्ण रक्कम आगाऊ दिली. मी पावतीपुस्तक काढेपर्यंत ते उठले आणि म्हणाले, "पैसा लई जाओ, पॅनल आवे त्यारे चढावजो." (पैसे घेऊन जा, पॅनेल येतील तेव्हा चढवा.) त्या रकमेतून अडलेला माल सुटला, घरगुती कामे एकामागून एक पुरी झाली, आणि त्यांच्या गिरणीवर पॅनेल चढले ते पुढच्या वर्षी. मधल्या काळात त्यांनी एकदाही विचारणा केली नाही. ठरलेल्या दरात घेतलेले प्रत्येक काम आम्ही त्याच पाइपने पूर्ण केले. तोटा झाला, आणि तो फेडायला लागलेला काळ मी येथे मोजत बसत नाही.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडून ३७ फूट गाठले. अकोटा, समा या भागांत तळमजले बुडाले, आणि केबलचे पैसे वाचवण्यासाठी मीटरशेजारी खाली लावलेले इन्व्हर्टरही बुडाले. आमचे इन्व्हर्टर जिन्याच्या वरच्या खोलीत असतात. अर्थात ते कोरडे राहिले तरी चालले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. लाइनमध्ये वीज नसली की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, कारण धाब्यावरची वीज उलटी लाइनमध्ये गेली तर खांबावरच्या वायरमनचा जीव जाईल. वर लख्ख ऊन आणि खाली अंधार, म्हणून त्या दिवसांत लोकांनी आम्हाला बरेच ऐकवले. ज्या बॅटरीला ज्योतिग्रामने दुकानाबाहेर काढले, ती आता लिथियमच्या रूपात हायब्रिड इन्व्हर्टरबरोबर परत येत आहे. मी तिचा आग्रह धरत नाही. फ्रिज, दोन पंखे आणि पाण्याची मोटर एवढ्यासाठीच ती घ्यावी. अख्खे घर तिच्यावर टाकले तर स्वस्त विजेचा सगळा हिशेब मोडतो.

पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि ते थेट ग्राहकाच्या खात्यात जाते. २०२१ मध्ये ही पद्धत असती तर वरची दोन पाने लिहावी लागली नसती. जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा ५ टक्के झाला आहे. आता जो येतो तो प्रथम 'किलोवॉटला काय भाव' विचारतो. त्याला मी सांगतो की, आधी बारा महिन्यांची बिले आण, नुसते मे महिन्याचे नको. किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धर. आपण वापरतो त्याहून मोठा प्लँट घेऊ नकोस, कारण जादा युनिटचा भाव आणि विकत घेतलेल्या युनिटचा भाव यांत फार अंतर आहे. शेजारच्या प्लॉटवर इमारत उठणार आहे का ते बघ, सावली पडली की पूर्ण स्ट्रिंग, म्हणजे एका ओळीत जोडलेल्या सगळ्या पॅनेलांची वीज, खाली येते. पाइपची जाडी कोटेशनमध्ये लिहून घे आणि माल उतरताना व्हर्नियर लावून मोज. अर्थिंगचे वाचन कागदावर सहीनिशी माग. पुष्कळ लोक हे ऐकून घेतात आणि मिक्सर जिथे मिळतो तिथे जातात.

मिक्सरवाल्या पेढीचे दुकान सध्या बंद असते आणि त्यांचा फोन कोणी उचलत नाही. पॅनेलची हमी २५ वर्षांची आहे, ती कंपनीकडे मागायलासुद्धा कोणीतरी धाब्यावर चढून स्ट्रिंग मोजून द्यावी लागते. त्यामुळे त्यांचे ग्राहक आता आमच्याकडे येतात. आम्ही जातो. मेगरचे आणि अर्थिंगचे वाचन लेखी देतो, वितळलेले कनेक्टर बदलतो, इन्व्हर्टर वर हलवतो. पातळ पाइपच्या स्ट्रक्चरची जबाबदारी मात्र आम्ही घेत नाही, ते बदलावेच लागते, आणि तपासणीचे शुल्क आगाऊ घेतो. त्यात सवलत नाही.